पिवळं दार

शशिकला पाटोळे हे नाव चंदीगडात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण ‘उधेड़ मॅडम’ म्हटलं, की सेक्टर पंधरा-सोळातल्या बऱ्याच बायका अजूनही हसून कान पकडतात. शाळेत त्या सगळ्यांनी शशिकलाबाईंच्या हाताखाली सुई धरली होती. मुलीनं भरलेला रुमाल बाई हातात घेत, पुढून बघत, मग उलटा करून पाठ बघत, आणि एकच शब्द बोलत, ‘‘उधेड़ो.’’ म्हणजे उसवा. टाका सैल पडला, उसवा. मागे गाठ दिसली, उसवा. फुलीच्या टाक्यात वरचा पाय एका फुलीचा डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे झुकला, तर सबंध वेलच उसवा. एकदा एका मुलीनं रडकुंडीला येऊन विचारलं, ‘‘मॅडम जी, पिच्छे कौन देखता है?’’ त्यावर बाई आपल्या नगरी हिंदीत म्हणाल्या, ‘‘हम देखता है.’’

हा न्याय त्यांनी स्वतःलाही लावला होता. आठवडाभर बसून भरलेली उशीची खोळ एका चुकलेल्या घरापायी, म्हणजे कापडावरच्या एका चौकोनापायी, त्यांनी सगळी उसवल्याचं घरच्यांनी पाहिलं होतं. ‘‘चूक माहीत असताना ठेवली, तर ती चूक राहत नाही, तो खोटेपणा होतो,’’ असं त्यांचं म्हणणं. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे खायचं काम नव्हे. नंदकुमार पाटोळ्यांनी तो सत्तावीस वर्षं हसत केला.

नंदकुमार मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बारीक चौकोनांतल्या रक्तपेशी मोजायच्या, हे त्यांचं काम. लग्न नगरला झालं आणि वऱ्हाड पांगायच्या आत नवराबायको चंदीगडच्या गाडीत बसले. सरळ रेषेत आखलेलं ते गाव शशिकलाबाईंना पहिल्याच दिवशी आवडलं. ‘‘दोसुतीच्या कापडासारखं आहे, चौकोन मोजत गेलं की माणूस चुकत नाही,’’ त्या म्हणाल्या होत्या. सेक्टर पंधरामध्ये गुरदयाल कौर नावाच्या बाईंच्या घराचा खालचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला आणि मग जन्म तिथंच काढला. वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली बीजी म्हणायची.

दारावरून भांडण लागलं ते पहिल्या नाताळापासून. नगरला ख्रिस्ती वस्तीत चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी कुणी दार लावत नाही. गाणारी मंडळी पेटी-ढोलकी घेऊन घरोघर हिंडतात, आणि लावलेल्या दारापुढं गाणं म्हणायचं कसं? नंदकुमारांनी चंदीगडातही दार सताड उघडं टाकलं. आत धुकं शिरू लागलं. करंज्यांचं ताट पुढ्यात घेऊन नवी नवरी कुडकुडत बसली, आणि त्या परक्या गावात गायला कोण येणार होतं? कुणी आलं नाही. नगरच्या आठवणीनं तिच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात वरून बीजी धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, चोर शिरला. ‘‘भैण जी, तुहाडा बूहा खुल्ला रह गया!’’ ‘बूहा’ म्हणजे दार, हे शशिकलाबाईंना त्या दिवशी कळलं. नंदकुमारांनी बीजींना आत बोलावून करंजी दिली. त्यांनी दोन खाल्ल्या, चार ओढणीत बांधून नेल्या, आणि पुढं दर नाताळला न बोलावता येऊ लागल्या.

तेव्हापासून दर वर्षी तोच संवाद. शशिकलाबाई म्हणायच्या, ‘‘अहो, दार लावा. गारठा येतोय.’’ नंदकुमार म्हणायचे, ‘‘मग स्वेटर कशाला विणलायस?’’ त्या उठून दार लावायच्या. त्यांची पाठ फिरली की हे उघडायचे. पुढं चर्चची गाणारी मंडळी यायला लागली, घर माणसांनी भरायला लागलं, तरी हे भांडण मिटलं नाही. मुलगी अपूर्वा मोठी झाल्यावर म्हणायची, की आईपप्पांचं खरं नाताळ गाणं हेच आहे.

नाताळाचं भरतकाम ही शशिकलाबाईंच्या माहेरची चाल. नाताळाआधीच्या आगमनकाळात घरात एक तरी नवं काम उभं राहिलं पाहिजे, आणि चोवीस तारखेला गाणी कानावर आली की सुई खाली. कधी टेबलावरची पट्टी, कधी पडदा, कधी भिंतीवरचं वचन. पुढं त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला. कापडावर बघायचा चष्मा वेगळा, लांबचा वेगळा. नमुन्यावरून नजर कापडावर आणीपर्यंत घर हरवायचं. तेव्हा नंदकुमार म्हणाले, ‘‘मी सांगतो, तू घाल.’’ आणि वेगळीच रीत सुरू झाली. हीटरच्या एका बाजूला ते फूटपट्टी सरकवत नमुना वाचणार, ‘‘तीन हिरवे, पाच सोड, दोन लाल.’’ दुसऱ्या बाजूला त्या मान खाली घालून टाके घालणार. नमुना बाईंनी बघायचा नाही, कापड नंदकुमारांनी बघायचं नाही. मधे मुळ्याचे पराठे, शेंगदाणे आणि गुळाची रेवडी. नंदकुमारांची मोजणी कधी चुकली नाही. ज्या माणसाच्या आकड्यावर डॉक्टर औषधं देत होते, तो चुकणार कसा?

दरम्यान गाव बदललं. घरोघर केबल आली, सेक्टर सतरामध्ये काचेची दुकानं झाली. शाळेत एके वर्षी शिवणकामाचा तास बंद झाला आणि त्या खोलीत कॉम्प्युटर बसले. बाईंना वाचनालयात नेमलं. ‘‘आता काय पुस्तकं उसवू?’’ असं म्हणून त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. मनातून मात्र त्यांना ते फार लागलं. पंचवीस वर्षं जे शिकवलं त्याची कुणाला गरज नाही, हे ऐकायला कुणाला आवडेल? घरी बसून त्या आणखी काटेकोर झाल्या.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात अपूर्वानं सेक्टर सतरामधून परदेशी किट आणलं. ती मोहालीच्या सदुसष्ट सेक्टरमध्ये औषधांच्या संस्थेत संशोधन करत होती, राहायची वसतिगृहात. पाकिटात कापड, सुया, वेगवेगळ्या केलेल्या लडी, बारीक खुणांचा छापील नमुना, सगळं तयार. पाकिटावरचा चित्राचा कागद फाटून गेला होता, म्हणून दुकानदारानं स्वस्तात दिलं होतं. ‘‘बर्फ़ में कोई घर है,’’ एवढंच अपूर्वा सांगू शकली. नंदकुमारांनी नमुना ताब्यात घेतला, चष्मा पुसला आणि काम सुरू झालं. छप्पर झालं, खिडक्या झाल्या. भिंत खाली येत गेली तसे ते म्हणाले, ‘‘आता पिवळा घे.’’

‘‘दाराच्या जागी? पिवळं दार?’’

‘‘परदेशी लोकांचं काय सांगावं. घाल.’’

मग पिवळ्याच्या कडेला तपकिरी रंगाची एक अरुंद पट्टी सांगितली. मग पायरी, आणि पायरीखाली बर्फात पुन्हा पिवळा, तिरका उतरत गेलेला. शशिकलाबाईंनी मान वर केली. ‘‘बर्फावर पिवळा?’’

‘‘छापलंय ते वाचतोय. तू टाका घाल, वाद घालू नकोस.’’

त्यांनी टाका घातला. सबंध चित्र कसं दिसतंय हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं; हातात गोल रिंग, रिंगेत वीतभर कापड, बाकीचं गुंडाळून पिन लावलेलं. जवळच्या चष्म्यातून दिसायच्या त्या नुसत्या फुल्या. चोवीस तारीख आली तेव्हा तळाचं कुंपण आणि कडेची वेल राहिली होती. नंदकुमारांना ताप होता. गाणारी मंडळी येऊन गेली, ते गादीवरूनच गायले. जानेवारीत छातीचं दुखणं झालं आणि दोन दिवसांत ते गेले. कापड रिंगेसकट ट्रंकेत गेलं.

पुढच्या नाताळाला शशिकलाबाईंनी आकाशकंदील लावला नाही. करंज्या केल्या नाहीत. चर्चच्या मंडळींना निरोप धाडला, की यंदा आमच्या दारी थांबू नका. दार सारखं बंद असायचं, दिवसासुद्धा. बीजी जिना उतरून यायच्या, बंद दाराकडं बघायच्या आणि कधी बेल वाजवायच्या, कधी परत जायच्या.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी अपूर्वा घरी आली, आणि आईच्या तोंडाकडं बघून तिनं ट्रंक उघडली.

‘‘आई, इसको पूरा करते हैं. मैं बोलूँगी, तुम करना.’’

‘‘नको गं.’’

‘‘पप्पा को अच्छा लगता.’’

मराठी कळायचं तिला सगळं, पण उत्तर हिंदीतच यायचं. शशिकलाबाईंनी रिंग मांडीवर घेतली. शेवटचा टाका होता तिथं सुई अजून खोचलेली होती. मग त्यांनी दोरा ओवला. अपूर्वानं नमुना उलगडला, फूटपट्टी ठेवली, आणि कुठवर आलोय हे बघायला कापडाशी ताडून पाहू लागली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

‘‘आई, ये तो मैच ही नहीं कर रहा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘दरवाज़ा लाल है इसमें. पूरा लाल, ऊपर हरी माला. और तुम्हारा पीला है. ये भूरी पट्टी तो है ही नहीं. नीचे सब सफ़ेद है, आई, सिर्फ़ बर्फ़. ये पीला कहाँ से आया?’’

शशिकलाबाईंनी नमुना हिसकावून घेतला, भिंगाखाली धरला, एकेक घर बोटानं मोजलं. पोरगी खरं बोलत होती. छपरापर्यंत सगळं बरोबर, खिडक्या बरोबर, आणि दारापासून खाली सगळं चुकलेलं.

अपूर्वा हळूच म्हणाली, ‘‘आई, उस टाइम पप्पा थोड़ा… भूलने लगे थे ना.’’

ते खरं होतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात नंदकुमारांनी चहात मीठ घातलं होतं. अपूर्वाला एकदा आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. शशिकलाबाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. वय झालं की होतं असं. पण मोजणी? ती चुकायला लागली असेल, तर मग हीटरच्या पलीकडे बसून महिनाभर जो आवाज ‘पाच सोड, दोन पिवळे’ म्हणत होता, तो कुणाचा होता? माणूस आतून निघून गेलेला आणि मी समोर बसून टाके घालतेय, रेवडी खातेय, बर्फावर पिवळा कशाला म्हणून त्यांच्याशी वाद घालतेय! मला कळलं कसं नाही? लोकांच्या मुलींचा एक टाका तिरका गेलेला मला वर्गाच्या दारातून दिसायचा, आणि घरचा माणूस उसवत चाललेला दिसला नाही. त्यांना इतकी लाज वाटली, की लेकीकडं बघवेना.

त्यांनी बारीक कात्री मागितली.

‘‘आई, रहने दो ना.’’

‘‘चूक आहे ती. चूक ठेवायची नाही.’’

बर्फावरच्या पिवळ्यापासून त्यांनी सुरुवात केली. एकेक फुली कात्रीच्या टोकावर उचलायची, कापायची, चिमट्यानं ओढायची. पिवळ्या धाग्यांचा लहानसा पुंजका हीटरपाशी साठला.  बर्फ मोकळा झाला आणि त्यांनी कात्री दाराकडं नेली, तेव्हा रिंगेच्या काठाची घडी आड येऊ लागली. वर्षभर ताणलेल्या कापडावर रिंगेचा वण उमटला होता. त्यांनी स्क्रू सैल केला, पिन काढल्या, कापड झटकलं आणि सुरकुती जावी म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीच्या पाठीवर पसरून टाकलं. तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडायला जाताना त्यांनी सवयीनं लांबचा चष्मा चढवला. बाहेर शाल पांघरून बीजी उभ्या होत्या. हातात सरसोंच्या भाजीचं भांडं.

‘‘की गल्ल भैणे, ऐस वार बूहा बंद ही रक्खना है?’’ बीजी म्हणाल्या. यंदा दार बंदच ठेवायचं का?

त्यांना आत बोलावत शशिकलाबाई मागं वळल्या, आणि उंबऱ्यावरून त्यांची नजर समोरच्या खुर्चीवर गेली.

फुलीचं काम जवळून बघायचं नसतं. ‘‘चार क़दम पीछे जाओ, तब देखो,’’ असं त्यांनी हजार वेळा वर्गात सांगितलं असेल. चार पावलांवरून फुल्या मिटतात आणि चित्र उघडतं. खुर्चीवर बर्फातलं एक घर होतं. निळसर संध्याकाळ, छपरावर बर्फ, खिडक्यांत काळोख. आणि दार सताड उघडं होतं. तपकिरी पट्टी म्हणजे आत ढकललेली, कडेनं दिसणारी फळी. पिवळं म्हणजे आतला उजेड.

 परदेशी माणसानं नीट लावून, वर हिरवी माळ टांगून ठेवलेलं दार त्यांच्या नवऱ्यानं उघडलं होतं. आणि ते कुणाकडून उघडून घेतलं? तर जन्मभर दार लावत आलेल्या बायकोकडून, तिच्याच हातानं, तिला पत्ता लागू न देता. चोवीस तारखेला काम पुरं झालं असतं, कापड भिंतीवर चढलं असतं, आणि चार पावलं मागं जाऊन तिनं कपाळावर हात मारला असता. ते त्या क्षणाची वाट बघत होते. ‘परदेशी लोकांचं काय सांगावं’ म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हलत होतं, ते आता शशिकलाबाईंना आठवलं.

‘‘लबाड माणूस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अगं, लबाड माणूस तो!’’ त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नुसत्या डोक्यात घरं मोजायची, तिरका उजेड कुठं पडेल ते ठरवायचं, पायरी सोडायची नाही, भिंतीचा हिशेब बिघडू द्यायचा नाही. चहात मीठ पडलं असेल, नाव विसरलं असेल. पण त्या महिन्यात हीटरच्या पलीकडे नंदकुमारच बसले होते, सबंध आणि जागच्या जागी.

बीजींना काही कळेना. अपूर्वानं त्यांना खुर्चीपाशी नेऊन दाखवलं. ‘‘बीजी, पप्पा ने दरवाज़ा खोल दिया.’’ बीजींनी कापडाकडं बघितलं, भांडं टेबलावर ठेवलं आणि ओढणीनं डोळे पुसले.

मग शशिकलाबाईंना हीटरपाशी पडलेला पिवळा पुंजका दिसला. दारातून बाहेर पडणारा उजेड त्यांनी उसवला होता. नमुन्यात तो नव्हताच; ज्यांच्या डोक्यात होता ते नव्हते. आता किती टाके, कुठून कुठे, हे सांगणार कोण? त्यांनी कापड पुन्हा मांडीवर घेतलं, जवळचा चष्मा लावला, दिवा खाली ओढला. कापडाला डोळा टेकेल इतकी मान वाकवली. उसवलेल्या जागी भोकं होती. वर्षभर धागा राहिल्यानं रुंदावलेली, बाजूच्या कोऱ्या घरांपेक्षा मोठी. मुलींना त्या रागानं म्हणायच्या, ‘‘उसवलं तरी कापड विसरत नाही, म्हणून आधीच नीट घाला.’’ आज त्याच बोलण्याचं त्यांना बरं वाटलं.

‘‘मैं गिनूँ?’’ अपूर्वानं विचारलं.

‘‘नको. दिसतंय.’’

त्यांनी पिवळा दोरा ओवला आणि भोकांमागून भोकं धरत उजेड परत घातला. पुढचे दिवस कुंपण झालं, कडेची वेल झाली; तिथं मात्र अपूर्वा वाचत होती. ‘तीन हरे, पाँच छोड़ो’ म्हणता म्हणता दुसऱ्या दिवशी ती आपोआप ‘पाच सोड’ म्हणायला लागली. शशिकलाबाईंच्या ते लक्षात आलं. काम पुरं झाल्यावर त्यांनी कापड उलटं केलं. बर्फातल्या पिवळ्याची पाठ खराब होती, घाईत दोन गाठी राहिल्या होत्या. उधेड़ मॅडमनं त्या बघितल्या आणि कापड सुलटं केलं.

चोवीस तारखेला दुपारी त्यांनी थोड्याशा करंज्या तळल्या. चित्र बैठकीत दारासमोर लागलं. मंडळींना थांबू नका म्हणून दिलेला निरोप परत घ्यायला त्यांनी फोन केला नाही. दिवेलागणीला बाहेर दाट धुकं उतरलं, गल्लीतले दिवे पुसट झाले, आणि शशिकलाबाईंनी जाऊन दोन्ही कड्या काढल्या. दार भिंतीला टेकेपर्यंत मागं लोटलं. मग करंज्यांचं ताट घेऊन खुर्चीवर बसल्या. धुकं खोलीत येऊ लागलं. बैठकीतला उजेड व्हरांड्यावरून तिरका उतरून बाहेरच्या गवतावर पडला होता.

थोडा वेळ गेला. अपूर्वानं हात चोळले, नाक ओढलं, आणि शेवटी न राहवून उठली.

‘‘आई, दार लावू का? बहुत ठंड आ रही है.’’

शशिकलाबाईंनी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही.

‘‘मग स्वेटर कशाला विणलाय?’’